हात न लावता मळलेली कणीक

ते यंत्र अजून माह्या कपाटावर आहे. पत्र्याची एक बादली, तिच्यावर आडवी पट्टी, पट्टीतून खाली गेलेला वाकडा गज अन् वर फिरवाचा दांडा. घरी आलेलं माणूस विचारतेच, "मैनाबाई, हे लोणी काढाचं हाये का?" मी 'व्हय' म्हणते अन् मोकळी होते. खरं सांगाचं म्हटलं तं पुरी गोष्ट सांगा लागते, अन् त्या गोष्टीत मी काही फार चांगली दिसत नाही. पण पोटात ठेवून ठेवून आता गोळा झाला, म्हणून सांगते. मधात टोकू नका.

चौसष्ट सालची गोष्ट. अकोल्याले आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं अन् मी तिथची रेक्टरबाई. बावीस पोट्ट्या, साऱ्या अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या, वावरवाल्या घरच्या. मी सातवी फायनल, अन् विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. संस्थेचे अध्यक्ष खुशालराव म्हणजे माह्ये भासरेच, मालकाचे मोठे भाऊ. सारं गाव त्याईले भाऊसाहेब म्हणे, मी बी म्हणो. माही खोली, माही नोकरी, माहं रेक्टरपण, सारं त्याईच्या एका शब्दावर होतं. हे आधीच सांगून ठेवते. माफीसाठी नाही. निस्तं तुमाले ठाऊक असावं म्हणून.

त्या साली मदतीचं सामान आलं, परदेशातलं. दुधाची भुकटी अन् चीजचे हे मोठे मोठे डबे. भुकटी तं पोट्ट्या चाटून चाटूनच संपवत. पण चीज! पहिला डबा फोडला तं आतून पिवळी धम्मक वडी निघाली. एक पोट्टी म्हणे, "बाई, हा तं कपड्याचा साबण हाये." मी भाजीत टाकून पाह्यलं, रबर झालं. पोळीत भरलं तं पोळी फाटली अन् घरभर धूर. सोळा डबे कोठीत तसेच पडून. त्यात आमचा सैपाकी महाराज पोळ्याले गावाले गेला तो तिकडेच राह्यला, अन् बावीस जणींची चूल माह्या बोडख्यावर आली.

अशात एका सकाळी जाईबाई दारात उभी राह्यली. पस्तिशीची असन. पांढरं स्वच्छ लुगडं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ही बादली. अमरावतीले क्याम्पात एक अमेरिकन साहेब होता, शेतीखात्याले सल्ला देणारा. त्याच्या घरी हिनं सात वर्षं सैपाक केल्ता. साहेब अन् मडम आपल्या देशाले गेले, जाताना मडमनं हे कणीक मळाचं यंत्र हिले देऊन टाकलं. नवऱ्याले, पुंजाजीले, अकोल्याच्या कापसाच्या जिनात काम लागलं म्हणून बिऱ्हाड इकडे आलं.

मी जात विचारली. तवा विचारतच होतो आमी, पाणी विचारावं तसं.

"बौद्ध," ती म्हणे, सरळ माह्या डोळ्यात पाहून. "छप्पन साली आमी साऱ्याईनं दीक्षा घेतली."

मी म्हटलं, "भांड्याले बाई पायजे आमाले."

"भांडे नाही घासत मी, बाई. मी सैपाकीण हाये. साहेबाचं घर सुटल्यापासून अकोल्यात अकरा घरं फिरली. आंगण झाडाले चालते, गवऱ्या थापाले चालते. चूल म्हटली की दार लागते. मले चूलच पायजे. नसन तं राह्यलं."

मले राग आला. मिजास तं पाहा बाईची! दोन शब्द सुनवणारच होती, पण तिचं ध्यान माह्यावर नव्हतंच. कोठीचं दार उघडं होतं, अन् ती त्या डब्यांइकडे पाहत होती, बाजारात अचानक माहेरचं माणूस दिसावं तशी.

"बाई, एवढं चीज हाये, अन् तुमी सडवून काहून राहिल्या?"

आता बोला! मी म्हटलं, कर बाप्पा, काय करतं ते, पण मागच्या आंगणात. आत नको. ती मागच्या आंगणात गेली. मैदा मागतला. बेकरीवाल्याकडून वाटीभर खमीर आणलं. बादली बाकाले पेचानं आवळली, मैदा, मीठ, साखर, कोमट पाणी अन् खमीर घालून दांडा फिरवाले लागली. दहा मिनिटांत आतल्या गजावर कणकेचा गोळा चढला. तो झाकून ठेवला. फुगला तवा पाटावर काढला, किसलेलं चीज त्यात मिळवलं, दोन्ही तळव्यांनी लांब वळकटी केली, चार बोटांभोवती गुंडाळून टोकं दाबली. झालं कडं. असे कडे उकळत्या पाण्यात सोडले. बुडाले, फुगून वर आले. मंग ते पालथ्या डब्याच्या भट्टीत, खाली निखारे, वर निखारे.

"अवं, ह्या तं आपल्या बट्ट्या!" मी म्हटलं. आमच्याकडे बी बट्टी आधी पाण्यात उकळतात, मंग भाजतात.

जाईबाई पहिल्यांदा हसली. "तेच मी मडमले सांगतलं. ती बेगल म्हणे याले. म्हणे, माह्या मायनं शिकवलं. म्हटलं, मलेही माह्या मायनंच शिकवलं, तुह्या मायनं मधात भोक ठेवलं एवढंच."

पहिलं कडं निघालं. वरचं चीज खरपूस, कडेले जरासं जळलेलं. तिनं ते मोडलं, वाफ निघाली, अर्धा तुकडा माह्यापुढं धरला.

"मीठ पाहा, बाई."

मी इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. पोट्ट्या शाळेत गेल्त्या. आंगणात निस्ते कावळे. मी तो तुकडा तिच्या हातातून घेतला अन् खाल्ला. कोणी पाहत नव्हतं म्हणून खाल्ला, हे बी सांगून टाकते. वरून कडक, आत लुसलुशीत, अन् तो साबण असा वितळून पसरलेला की दुसरा तुकडा मीच मागतला.

तिले ठेवाची हे तिथंच ठरलं. पण भाऊसाहेबांचं काय?

संध्याकाळी गेली त्याईच्याकडे. माणूस वाईट नव्हता हो. शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाले, "मैनाबाई, मले स्वतःले काही नाही. कायदाही झाला आहे. पण पोरींचे बाप काय म्हणतील? बेकरीचा पाव आपण खातोच. भट्टीतलं चालते, तुपातलं चालते. पण पाण्यातलं? पाण्यात शिजवलेलं लोक कोणाच्याही हातचं नाही खात."

हे आमच्यात होतंच असं. कायदा कागदावर, अन् चुलीपाशी आमी. पण मले वाटे मी भल्ली हुशार. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तिच्याजवळ यंत्र हाये. कणीक यंत्रच मळते. भट्टी भाजते. कोणाचा हात लागतच नाही. बेकरीच समजा."

उकळत्या पाण्याचं मी गिळून टाकलं.

"यंत्र?" त्याईचा चेहरा खुलला. "मग काय अडचण? विज्ञानाचं युग आहे."

अन् वसतिगृहाच्या वहीत तिचं नाव लागलं. 'सैपाकीण' नाही लिहिलं. 'यंत्र चालवणारी बाई' असं लिहिलं. सकाळचा फराळ तिचा, जेवण माह्याकडे. मी जाईबाईले म्हटलं, "भाऊसाहेब व्हय म्हणले. पोट्ट्याईले जराशी सवय होऊ दे, दिवाळी झाली की सारी चूल तुह्याकडे."

"माह्या हातचं चालते म्हणले?"

"व्हय."

ती पाठ फिरवून उभी राह्यली अन् पदरानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी समजलं की तिनं वस्तीत घरोघरी गूळ-फुटाणे वाटले. मी मनाले समजावलं, काम तं भेटलं ना तिले? खोटं बोलली तं तिच्या भल्यासाठीच ना? आपल्या मनाची वकिली करणं लय सोपं असते.

चार महिने मोठे सुखाचे गेले. पोट्ट्या त्याले 'कडं' म्हणत, हातात घालून नाचवत अन् मंग खात. जी पोट्टी सकाळी उठता उठत नसे ती बी भट्टीच्या वासानं उठे. अन् रोज पहाटे, पोट्ट्या येण्याआधी, पहिलं कडं मोडून जाईबाई माह्यापुढं धरे. "मीठ पाहा, बाई."

तुमाले ते काय वाटते माहीत नाही. मी वीस वर्षं विधवा. सासरी पंगत उठल्यावर खरवड खाल्ली, वसतिगृहात पोट्ट्यांच्या मागून. आधी तू खा, असं मले इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. जाईबाई रोज म्हणे. मी तिथंच पाटावर बसो, ती कडे वळे, अन् आमी दोघी बोलत बसो. तिच्या मडमच्या गोष्टी, माह्या सासूच्या गोष्टी. ती मडम इतक्या दूरून येऊन मायची आठवण आली की कडे करे अन् रडे, म्हणे. जाईबाई म्हणे, "मले रडू नाही येत, बाई. मले चूल पायजे होती, भेटली." दिवाळी झाली, मी काही बोलली नाही. तिनंही आठवण दिली नाही. निस्तं एकदा म्हणाली, "संक्रांतीपासून सारी चूल देसान का मंग?" मी म्हटलं, "पाहू."

संक्रांतीच्या आधी संस्थेची पाहणी निघाली. भाऊसाहेब आले, सोबत सचिव केशवराव, अन् अकोटचे रामराव, ज्याईची पुतणी आमच्याकडे होती. पोट्ट्या शाळेत होत्या. मागच्या आंगणात खुर्च्या टाकल्या. जाईबाई सकाळपासून नाचत होती नुसती. आज आपलं काम मोठी माणसं पाहणार! नवं लुगडं नेसून आल्ती.

सकाळचे कडे ताटात मांडले. भाऊसाहेबांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं हातात घेतलं. रामरावांनी मिशीले लागलेलं चीज पुसलं अन् म्हणाले, "हे तं भारीच हाये राजा!"

"अन् हात न लावता, बरं का," भाऊसाहेब म्हणाले. "मैनाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगतलं मले. सारं यंत्रच करते. बाईचा हात लागतच नाही, म्हणून तर आपण ठेवलं. काय शुद्ध काम!"

जाईबाई पाण्याचे पेले घेऊन येत होती. ती तिथंच थांबली. तिनं माह्याकडे पाह्यलं. मी भट्टीकडे पाहाले लागली. भट्टीत पाहासारखं काही नव्हतं.

"दाखवा बाई, कसं चालते तुमचं यंत्र," केशवराव म्हणाले.

तिनं पेले खाली ठेवले. मैदा घातला, पाणी घातलं, दांडा फिरवला. तिघंही उठून जवळ आले, जत्रेतलं यंत्र पाहावं तसे. दहा मिनिटं दांडा फिरत राह्यला. गोळा झाला तवा तिनं तो बाजूले झाकून ठेवला, अन् सकाळचा फुगलेला गोळा पुढं घेतला. मंग तिनं कोपरापर्यंत हात धुतले. पुसले. अन् दोन्ही हात कणकेत घातले.

"यंत्र निस्तं कालवते, साहेब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दहा मिनिटाचं काम हाये त्याचं. बाकी सारं हात करते. हे पाहा, चीज हातानं मिळवलं. ही वळकटी, हातानं. हे कडं, माह्या चार बोटाईवर. मडम म्हणे, यंत्र उसनं भेटते, बोटं नाही भेटत."

मंग तिनं ते कडे एक एक करून उकळत्या पाण्यात सोडले.

"पाण्यात?" रामराव म्हणाले.

"व्हय, पाण्यात. रोज पाण्यात. पाणी बी मीच भरलं."

रामरावांच्या हातात अर्धं कडं होतं. त्याईनं ते हळूच ताटात ठेवलं, खिशातून रुमाल काढला अन् एकेक बोट पुसलं. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ओरडले असते तं बरं झालं असतं, मले बी ओरडता आलं असतं.

भाऊसाहेब माह्याकडे वळले. "मैनाबाई, हे तुम्हाले माहीत होतं?"

जाईबाईच्या हातात झारा होता. त्यात पहिलं कडं वर आल्तं, निथळत होतं. ती माह्याकडेच पाहत होती. घाबरून नाही, रागानं नाही. निस्ती वाट पाहत होती. पहाटेचं चीज अजून माह्या दाढेत होतं, देवाशपथ. चार महिने रोज मी तिथंच, त्याच पाटावर बसून ते पाणी उकळताना पाह्यलं होतं.

मी खोली पाह्यली डोळ्यापुढं. त्या खोलीबाहेर पडली तं पुन्हा सासरचा कोपरा, पुन्हा खरवड.

"नाही," मी म्हटलं.

एक शब्द. त्याच्यापरीस लहान शब्द आपल्या भाषेत नसन.

भाऊसाहेबांनी मान हलवली. "बाईनं तुमची फसवणूक करायला नको होती," एवढं म्हणाले अन् तिघंही निघाले. फसवणूक तिनं केली असं ठरलं, अन् मी तसं ठरू दिलं.

मले वाटलं आता जाईबाई भांडन. मी तयारच होती, भांडली असती तं मी बी दोन शब्द बोलली असती, अन् आपलं थोडं तं पाप फिटलं असतं. ती भांडली नाही. ती पुन्हा पाटाशी बसली. राह्यलेली कणीक वळली, सारे कडे उकळले, भट्टी लावली, एक एक पाहून काढलं. मोजून बावीस. त्या दिवशी पहिलं कडं मोडलं नाही. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले, भांडे धुतले, निखाऱ्यावर राख ओढली.

"पोट्ट्या चार वाजता येतीन, भुकेल्या असतात. गरम असू द्या," ती म्हणाली.

"जाईबाई..."

तिनं बाकावरच्या बादलीकडे बोट केलं. "हे राहू द्या इथंच. याचा हात तुमाले चालते."

अन् गेली. पोट्ट्या चार वाजता आल्या अन् सारे कडे खाऊन मोकळ्या झाल्या. त्याईले कोणी काही सांगतलं नाही, अन् खरं सांगू, सांगतलं असतं तरी त्या खाणार होत्या. भूक अन् चीज याईच्या मधात जात आणाचं आमा मोठ्याईलेच सुचते.

मंग मी ते यंत्र चालवून पाह्यलं. कणीक झाली बरोबर. पण कडे दगड. पोट्ट्या म्हणत, "बाई, दात पडतीन." दोनदा केले अन् सोडून दिले. जाईमावशी कुठं गेली, म्हणून त्याईनं महिनाभर विचारलं. गावाले गेली, म्हणून मी महिनाभर सांगतलं.

चार वर्षांनी एक जुनी पोट्टी लग्नाची पत्रिका द्याले आली अन् म्हणाली, "बाई, अमरावतीले राजापेठेत आपले कडे भेटतात! तेच! बाईबी तीच हाये." मी त्या रात्री झोपली नाही. रविवारी यंत्र पोत्यात बांधलं अन् एस्टीत बसली. कंडक्टर म्हणे, "बाई, बादलीचं बी तिकीट काढा, मांडीवर बसली हाये." सारी गाडी हसली. मले मूर्तिजापूर येईपर्यंत काही सुचत नव्हतं. काय बोलाचं, कसं बोलाचं, हेच घोकत होती.

राजापेठेत लहानसं दुकान. आत पुंजाजी भट्टीवर. अन् जाईबाई मागं नाही, पुढं, रस्त्याच्या अगदी कडेले पाट मांडून बसलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्याईले दिसावं असं. कोपरापर्यंत पिठानं पांढरे हात. शेजारी उकळतं पाणी. समोर गिऱ्हाईकं उभी, फेटेवाले, टोपीवाले, कॉलेजातली पोरं. साऱ्याईच्या डोळ्यादेखत ती कडे वळत होती अन् पाण्यात सोडत होती, अन् ते लोक पाहत पाहत वाट पाहत होते.

माहा नंबर आला. तिनं वर पाह्यलं. ओळखलं, लगेच.

घोकलेलं सारं विसरली मी. मोठ्यानं म्हटलं, इतकं मोठ्यानं की टोपीवाले वळले, "जाईबाई, मले माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ती हात न थांबवता म्हणाली, "मले कुठं माहीत नव्हतं, की तुमाले माहीत हाये? म्हणून तं साहेबांनी तुमाले विचारलं तवा मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, बाई बोलन आता." एक कडं पाण्यात सोडलं. "लय वेळ वाट पाह्यली, बाई. ते बावीस कडे होईपर्यंत पाह्यली."

मले रडू आलं. भर रस्त्यात, चाळिशी उलटलेली बाई, मांडीएवढं पोतं छातीशी धरून रडत उभी. पोतं पुढं केलं. "हे तुहं हाये. घे."

"घेऊन जा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मले सहन होईना. "इथं कोणाले यंत्र लागत नाही."

तिनं एक कडं कागदात गुंडाळून दिलं, माह्या आधीच्या माणसाले दिलं तसंच. "सांभाळून, गरम हाये." मी बाजूले सरकली, मोडलं, वाफ निघाली. वरून कडक, आत लुसलुशीत. मी तिच्याकडे पाहत उभी राह्यली. ती आता म्हणन, आता म्हणन, असं वाटे. तिनं पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागद घेतला.

मीठ बरोबर होतं. सांगाचं होतं मले. पण तिनं विचारलंच नाही.